१९०९ची ‘डीएनडी’ सेवा : वर्षभर वापरून पाहिल्यावर

मी सांगलीत घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करते. या कामात नजर एकदा ओळीवरून ढळली की ती ओळ पहिल्यापासून वाचावी लागते, आणि दिवसातून पाच-सहा वेळा असे झाले की हातातला फर्मा दुसऱ्या दिवसावर जातो. फोन बंद ठेवावा म्हटले, तर प्रकाशकांचे निरोप त्याच फोनवर येतात. त्यामुळे कर्ज, क्रेडिट कार्ड, एन.ए. प्लॉट आणि ‘फक्त आजच्या दिवसापुरती’ असलेली सूट यांचे फोन मी कित्येक वर्षे मुकाट्याने घेत आणि कापत आले. गेल्या वर्षी एका सकाळी मात्र आई थालीपीठ तव्यावर टाकून, पिठाचे हात पदराला पुसत, वाजणाऱ्या फोनकडे धावली आणि उंबऱ्याला तिचा पाय अडखळला. पडली नाही, हे नशीब. पलीकडून एक मुलगी हिंदीत क्रेडिट कार्ड देऊ करत होती. आईने तिचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘तुम किधर से बोलती है?’’ ‘‘नोएडा से, आंटी.’’ ‘‘उधर अभी ठंडी बहुत होगी ना?’’ हवापाण्याचे हे बोलणे संपेपर्यंत थालीपीठ कोळसा झाले होते. त्याच संध्याकाळी मी आमच्या दोघींचे क्रमांक ‘डीएनडी’त (‘डू नॉट डिस्टर्ब’), म्हणजे जाहिरातींचे फोन आणि संदेश नकोत असे कळवणाऱ्यांच्या नोंदवहीत, नोंदवले. त्यानंतरच्या वर्षभरात या सेवेने काय दिले आणि काय दिले नाही, ते येथे लिहिते आहे.

प्रथम, ही सेवा नेमकी कोणाची, याविषयी बहुतेकांच्या मनात जो घोटाळा असतो तो दूर केलेला बरा. नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे आहेत. २००७ साली ‘डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. २०१०च्या नियमांनी तिचे रूप बदलले आणि ते सप्टेंबर २०११पासून पूर्णपणे लागू झाले. आज चालू असलेली चौकट २०१८च्या नियमांची आहे आणि तिच्यात फेब्रुवारी २०२५मध्ये मोठी दुरुस्ती झाली. परंतु नोंदणीसाठी आणि तक्रारीसाठी असलेला १९०९ हा क्रमांक फिरवला की तो ट्रायच्या कचेरीत वाजत नाही. तो तुम्ही ज्या कंपनीचे सिमकार्ड वापरता तिच्याकडेच वाजतो, नोंद तीच करते, तक्रार तीच घेते आणि तिचा निकालही पहिल्या पायरीवर तीच देते. घाऊक संदेश आणि फोन यांतून ज्यांना उत्पन्न मिळते, त्यांच्याकडेच त्यांविरुद्धच्या तक्रारीचा निवाडा सोपवलेला आहे, हे या सेवेचे मूळचे व्यंग आहे असे माझे मत आहे. नव्या दुरुस्तीत नको असलेल्या फोनांची आणि संदेशांची आकडेवारी चुकीची कळवणाऱ्या कंपनीला पहिल्या वेळी २ लाख, दुसऱ्या वेळी ५ लाख आणि त्यापुढे दर वेळी १० लाख रुपये दंड ठेवला आहे, तो बहुधा हे व्यंग ओळखूनच.

नोंदणी सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. १९०९ला फोन करून सूचनांप्रमाणे आकडे दाबत जावे, किंवा रोमन लिपीत ‘स्टार्ट’ हा शब्द आणि त्यापुढे शून्य असा एसएमएस पाठवावा. सगळ्याच प्रकारच्या जाहिराती नको असल्याची नोंद होते. आईचा फोन बटणांचा, साधा आहे. या सोयीला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, ही तिची मला सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, कारण नको असलेल्या फोनांचा जाच ज्यांना अधिक होतो त्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात अजून असेच फोन आहेत.

‘सगळे बंद’ ही एकच वाट नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जाहिरातींचे आठ वर्ग केलेले आहेत : बँका, विमा, कर्ज आणि क्रेडिट कार्ड; स्थावर मालमत्ता; शिक्षण; आरोग्य; ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने; दूरसंचार, प्रसारण, मनोरंजन आणि माहिती तंत्रज्ञान; पर्यटन; आणि २०१८मध्ये भर घातलेला खाद्यपेयांचा. यांतला एखादा वर्ग उघडा ठेवून बाकीचे बंद करता येतात. फोन नकोत पण संदेश चालतील, अमुक वेळीच आलेले चालतील, सुटीच्या दिवशी नकोत, अशा आवडीनिवडीही नोंदवता येतात. मी आधी सरसकट सगळे बंद केले. आईच्या बाबतीत पुढे थोडा बदल करावा लागला, त्याविषयी शेवटी लिहिते.

आता परिणाम. नोंदणीनंतर आईच्या फोनवर फरक स्पष्ट जाणवला. १४०ने सुरू होणारे फोन, म्हणजे नोंदणी केलेल्या विक्रेत्यांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतले, जवळजवळ थांबले. साडीच्या सेलचे आणि पिझ्झाचे संदेशही गेले. हे कसे घडते तेही समजून घेण्यासारखे आहे. २०१८च्या नियमांनुसार घाऊक संदेश पाठवणाऱ्याला आपले नाव, संदेशाच्या माथ्यावर दिसणारी सहा अक्षरांपर्यंतची खूण आणि संदेशाचा ठरावीक मसुदा, हे सगळे आधी नोंदवावे लागते. प्रत्येक संदेश निघताना या नोंदींशी ताडून पाहिला जातो, आणि जाहिरातीचा असेल तर ज्याला पाठवायचा त्याच्या ‘डीएनडी’शीही. या ताडणीला दूरसंचार क्षेत्रातले लोक ‘स्क्रबिंग’ म्हणतात. ८ मार्च २०२१ रोजी ही ताडणी प्रथमच कडकपणे लागू झाली, तेव्हा ज्यांचे मसुदे नोंदवलेले नव्हते त्या बँकांचे आणि कंपन्यांचे ओटीपीसुद्धा अडकून पडले, देशभर व्यवहार खोळंबले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. ताटकळलेल्यांत मीही होते. पण चाळण एवढी बारीक असू शकते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

अडचण अशी की चाळणीतून जे जात नाही ते चाळले जात नाही. ज्या फोनांनी माझे काम मोडते ते १४०चे नसतातच. ते साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकांवरून येतात. कंपनीने दलाल नेमलेला असतो, दलालाने कमिशनवर काम करणारी दहा मुले, आणि त्या मुलांच्या हाती साधी सिमकार्डे. नोंदणी करायची तर खर्च, कागदपत्रे आणि मसुद्यांची कटकट. शिवाय १४० दिसला की हल्ली कोणी फोन उचलत नाही. म्हणून त्यांनी तुमच्या-माझ्यासारखा क्रमांक वापरायचा. अशा विक्रेत्याचा फोन निघताना ‘डीएनडी’ची यादी कोणी उघडतच नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने तो भाच्याने मावशीला केलेल्या फोनसारखाच एक फोन असतो. ‘डीएनडी लावून काही उपयोग होत नाही’ असे जे सर्रास ऐकू येते त्याचे कारण हे आहे. जे विक्रेते नियम पाळतात त्यांना ही सेवा अडवते. न पाळणाऱ्यांना अडवण्यासाठी तिला तुमची तक्रार लागते, आणि तक्रार न करता नुसती नोंदणी करून बसणे म्हणजे दाराला कडी लावून खिडकी उघडी टाकण्यासारखे आहे.

म्हणून या परीक्षणात मी तक्रारीच्या सोयीला अधिक जागा देणार आहे. वर्षभराच्या अनुभवानंतर मला या सेवेचा खरा उपयोग तिथेच दिसतो.

प्लॉट विकणाऱ्या एका माणसाचे उदाहरण देते. महामार्गालगतचे एन.ए. प्लॉट, गुंठ्याचा भाव ‘फक्त या रविवारपर्यंत’, साइट बघायला येण्याजाण्यास गाडी आणि दुपारचे जेवण. आवाज एकच, क्रमांक तीन. मी कामाच्या मेजावरच्या दैनंदिनीत मागच्या बाजूने पाने धरली आणि क्रमांक, तारीख, वेळ आणि बोलण्याचा सारांश असे चार रकाने आखले. तक्रारीला एवढेच लागते : कोणी, केव्हा, काय. ती १९०९वर फोन करून, एसएमएसने, ट्रायच्या ‘डीएनडी’ ॲपवरून किंवा दूरसंचार कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून करता येते, आणि तिचा क्रमांक संदेशाने मिळतो. पूर्वी फोन आल्यापासून ३ दिवसांत तक्रार करावी लागत असे. आता ७ दिवसांची मुदत आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी तुम्ही स्वतः ‘डीएनडी’त असलेच पाहिजे, ही अटही २०२५च्या दुरुस्तीने काढली आहे आणि कंपनीने कारवाई करण्याची मुदत ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आणली आहे. हे तीन बदल मला या दुरुस्तीतले सर्वांत कामाचे वाटतात.

माझी पहिली तक्रार फेटाळली गेली. दोष माझा होता. दिवस आणि महिना यांची मी अदलाबदल केली होती, त्यामुळे कंपनीच्या नोंदीत त्या तारखेला तसा फोन आलेलाच नव्हता. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे पैसे घेणाऱ्या बाईने हे करावे, यावर आई दोन दिवस हसत होती. दुसरी तक्रार मान्य झाली, परंतु माझ्या दूरसंचार कंपनीकडून आलेल्या उत्तराचा अर्थ लावायला मला तो संदेश तीनदा वाचावा लागला. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ एवढ्या वाक्यावरून समोरच्याला ताकीद मिळाली, त्याचा क्रमांक बंद झाला, की काहीच झाले नाही, हे कळत नाही. तक्रारदाराला निकाल सांगायचाच असेल तर तो कळेल अशा भाषेत सांगावा, ही अपेक्षा फार मोठी नसावी. काही दिवसांनी मी कुतूहलाने तो क्रमांक फिरवला, लागला नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र तोच आवाज नव्या क्रमांकावरून म्हणाला, ‘‘मॅडम, मागच्या महिन्यात आपलं बोलणं झालं होतं बघा.’’

नियमांचे बारकावे मी त्यानंतर नीट वाचले आणि तेव्हा लक्षात आले की एकट्याच्या तक्रारीचे बळ मर्यादितच आहे. नोंदणी नसलेल्या एखाद्या क्रमांकावर तातडीने पाऊल उचलायचे तर त्याविरुद्ध ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येने तक्रारी याव्या लागतात. पूर्वी ही संख्या ७ दिवसांत १० होती. आता १० दिवसांत ५ आहे. पाच म्हणजे फार नव्हेत. आमच्या इमारतीत बायकांची भिशी आहे, महिन्याच्या पहिल्या शनिवारी जमते. पोहे खाता खाता मी विषय काढला, तर प्लॉटवाल्याचा फोन आठांपैकी सहाजणींना आलेला. एकीचा नवरा तर साइटवर जाऊन जेवूनही आला होता. मी दैनंदिनी उघडून प्रत्येकीला तिच्या फोनमधली तारीख आणि वेळ शोधायला लावली आणि तिथेच बसून सहा तक्रारी नोंदवल्या. एकीचा फोन येऊन नऊ दिवस झाले होते, म्हणून तिची घेतली गेली नाही. उरल्या पाच. त्यानंतर तो आवाज आमच्या इमारतीत आजवर कोणी ऐकलेला नाही. तो दुसऱ्या गावाला प्लॉट विकत असेल, हे मी नाकारत नाही.

शिक्षा कागदावर तरी कडक आहे. पहिल्या खेपेला पाठवणाऱ्याच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारे फोन आणि संदेश १५ दिवस बंद. पुन्हा तेच केले तर त्याच्या सर्व जोडण्या सर्व कंपन्यांकडून एका वर्षासाठी तोडायच्या आणि नाव काळ्या यादीत टाकायचे. दलाल सिमकार्ड बदलून निसटू शकतो हे खरे, पण ज्याचा धंदाच फोनवर चालतो त्याला ही भीती वाटावी एवढी ती निश्चितच आहे. माझी शंका वेगळी आहे : ज्या बड्या कंपनीचा माल दलाल विकतो तिच्यापर्यंत ही शिक्षा क्वचितच पोहोचते, आणि फोनवरचा पंचवीस वर्षांचा मुलगा मात्र आपले सिमकार्ड गमावतो.

संदेशांच्या बाबतीत २०२५च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, आणि अक्षरांवर पोट असलेल्या मला ती विशेष आवडली. पाठवणाऱ्याच्या खुणेच्या शेवटी आता एक रोमन अक्षर असते. ‘पी’ म्हणजे प्रचाराचा किंवा जाहिरातीचा, ‘एस’ म्हणजे सेवेविषयीचा, ‘टी’ म्हणजे व्यवहाराचा, ‘जी’ म्हणजे सरकारी. पूर्वी संदेश उघडून वाचल्याशिवाय त्याची जात कळत नसे. आता माथ्यावरच कळते. आईला मी एवढेच शिकवले : शेवटी ‘टी’ असेल तर मला बोलाव, ‘पी’ असेल तर उघडू नकोस. ती चष्मा लावून शेवटचे अक्षर पाहते आणि मोठ्याने जाहीर करते. एकदा तिने ‘जी’ला सहा समजून ‘‘हा सहा नंबरचा आलाय गं,’’ असे सांगितले होते. तो मुसळधार पावसाचा सरकारी इशारा होता. कृष्णेकाठच्या आम्हा लोकांना असा इशारा जाहिरातींच्या ढिगात हरवलेला परवडत नाही.

या अक्षराचा दुरुपयोग होत नाही असे नाही. एका विमा कंपनीने (नाव महत्त्वाचे नाही) मला ‘एस’ असलेल्या खुणेखाली संदेश पाठवला. पहिले वाक्य माझ्या पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेचे, म्हणजे रीतसर सेवेचे. दुसरे वाक्य कुटुंबासाठीच्या नव्या योजनेचे, तिसऱ्यात दुवा. सेवेच्या संदेशात जाहिरात मिसळली की तो संदेश जाहिरातीचाच धरावा असा नियम असताना ही जाहिरात ‘डीएनडी’ चुकवून माझ्यापर्यंत आली होती. मी संपूर्ण मजकूर उतरवून तक्रार केली. त्या कंपनीचा पुढचा संदेश एका वाक्याचा होता : नूतनीकरणाची तारीख. माझ्या तक्रारीमुळेच तसे झाले असे मी म्हणणार नाही, पण मुद्रितावर लाल खूण केली आणि पुढच्या प्रतीत चूक गेलेली दिसली की जे समाधान होते ते मला त्या दिवशी झाले.

आता ज्या भोकातून हे सगळे पुन्हा आत येते त्याविषयी. तुम्ही स्वतः संमती दिलेल्या विक्रेत्याचा संदेश ‘डीएनडी’ अडवत नाही, आणि आपण संमती किती ठिकाणी देऊन बसतो याची आपल्याला कल्पना नसते. दिवाळीच्या आधी आईसाठी लुगडे घ्यायला आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या मुलाने किंमत पाहण्याआधीच विचारले, ‘‘मोबाइल नंबर?’’ मी नाही म्हटले. तो म्हणाला, ‘‘त्याशिवाय बिलच निघत नाही, मॅडम.’’ मागे रांग, हातात पिशव्या, आई खुर्ची शोधते आहे. अशा वेळी माणूस दहा आकडे सांगून मोकळा होतो. वास्तविक केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्ये दुकानदारांना स्पष्ट कळवले आहे की बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे मी त्या मुलाला सांगितले, तेव्हा त्याने आतून मालकांना बोलावले आणि मालकांनी शांतपणे एका कळीवर बोट ठेवून दहा शून्ये टाइप केली. बिल निघाले. तेव्हापासून मी प्रत्येक दुकानात मुकाट्याने ‘‘शून्य टाका’’ म्हणते. ज्यांनी क्रमांक आधीच देऊन टाकला आहे त्यांच्यासाठी नव्या नियमांत सोय आहे : जाहिरातीच्या संदेशातच नकार कळवण्याची वाट असली पाहिजे, आणि नकार दिलेल्या ग्राहकाकडे विक्रेत्याने ९० दिवस पुन्हा संमती मागायची नाही.

फसवणुकीच्या फोनांसाठी मात्र १९०९ ही जागा नव्हे, आणि येथे लोकांची गल्लत होते. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा’ असे संदेश राज्यभर फिरले होते आणि महावितरणला त्याविषयी लोकांना सावध करावे लागले होते. ही जाहिरात नाही, हा गुन्हा आहे. असा संशयास्पद फोन किंवा संदेश आला, पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवावे. ती मार्च २०२४मध्ये सुरू झाली आणि व्हॉट्सॲपवरच्या संशयास्पद संपर्कांचीही नोंद घेते. पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा क्रमांक फिरवावा. आमच्याकडे १९०९ आणि १९३० हे दोन्ही क्रमांक आईच्या फोनजवळच्या भिंतीवर, दूधवाल्याच्या क्रमांकाखाली, मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत. बँकेचा फोन खरा की खोटा हे ओळखायला आता १६०० या मालिकेची मदत होते. व्यवहारासंबंधीचे फोन बँकांनी याच मालिकेतून करावेत आणि प्रचाराचे १४०मधून, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये सांगितले आहे.

ॲपविषयी थोडक्यात. ट्रायचे ‘डीएनडी’ ॲप तक्रार करायला सोयीचे आहे, कारण तारीख, वेळ आणि क्रमांक ते फोनच्या नोंदींतून उचलते आणि माझ्यासारखीची तारखेची चूक टळते. त्यासाठी ते तुमचे संदेश आणि फोनची यादी वाचण्याची परवानगी मागते. याच मुद्द्यावरून ॲपल आणि ट्राय यांच्यात बराच काळ ताणाताणी चालली होती आणि आयफोनवर हे ॲप २०१८च्या अखेरीस येऊ शकले. परवानगी द्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; मी दिली नाही, मला दैनंदिनी पुरते.

फोन करणाऱ्याचे नाव दाखवणारी जी ॲप लोकप्रिय आहेत त्यांच्याशी या सेवेची तुलना नेहमी केली जाते. ती वेगळ्या कामाची आहेत. फोन वाजतोच, फक्त तो कोणाचा असावा हे, इतरांनी त्या क्रमांकाला दिलेल्या नावांवरून, आधी दिसते. कामात असताना ते उपयोगी पडते, याबद्दल वाद नाही. सप्टेंबर २०२४पासून एअरटेलने आपल्या जाळ्यातच ‘संशयित स्पॅम’ असा इशारा दाखवायला सुरुवात केली, तीही त्याच जातीची मदत. यांपैकी कशानेही समोरच्याचे सिमकार्ड बंद होत नाही. ते काम १९०९चेच, आणि म्हणून मी दोन्ही वापरावे असे सुचवीन. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जाहिरातींना मात्र १९०९ हात लावू शकत नाही. हे नियम फोन आणि एसएमएस यांच्यापुरते आहेत, आणि नको असलेल्या मजकुराचा लोंढा हळूहळू तिकडे वळतो आहे हे कोणीही सांगेल. तिथे क्रमांक अडवणे आणि व्हॉट्सॲपलाच कळवणे एवढेच हाती उरते.

तर आईविषयी. सगळे वर्ग बंद केल्यावर महिनाभराने ती म्हणाली, ‘‘आता माझ्या फोनवर काहीच येत नाही गं.’’ मी म्हटले, तेच तर हवे होते. तिची तक्रार वेगळी होती : डोळे तपासणीच्या आणि गुडघेदुखीच्या शिबिरांचे संदेश तिला पूर्वी येत, त्यांवरून ती आणि समोरच्या काकू ठरवून जात असत, आणि या खेपेचे शिबिर दोघींचेही हुकले होते. मी पुन्हा १९०९ फिरवला, आरोग्याचा वर्ग फक्त संदेशांसाठी उघडला आणि त्याचे फोन बंदच राहू दिले. गेल्या महिन्यात शेवटी ‘पी’ असलेला एक संदेश आला. आईने चष्मा लावून ते अक्षर वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि उघडू नकोस असे मी सांगितलेले असतानाही तो उघडून समोरच्या काकूंना हाक मारली.